यंत्राहून मोठे काम

निजामी राजवटीत, इ. स. १९०० च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला. पुढे सेलू, मानवत, परभणी या कापसाच्या पेठांत जिनिंगचे कारखाने उभे राहिले. कारखान्याची मोठी पुली झिजली, तर ती गावच्या लहान लेथवर मावत नसे. आणि ऐन हंगामात कापसाच्या गाड्या दाराशी खोळंबत. अशा वेळी दोनच उपाय असत. हेडस्टॉक, टेलस्टॉक व हत्यार सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर चढवून पुलीस जागा करावयाची. अथवा पुली तिच्याच बेअरिंगांत मंद फिरवून हत्यार तिच्यापाशी न्यावयाचे. केंद्ररेषा केसभर ढळली, तरी सारे श्रम व्यर्थ जात.

ही बुद्धी आपल्या सुतार-लोहार ज्ञातीस परकी नव्हती. गाडीच्या चाकाची धाव घेरास किंचित आखूड ठेवून, जाळात लाल करून चढवीत. पाणी ओतताच ती आकसून पुठ्ठे व आरे आवळून धरी. एवढे मोठे काम कोणत्याही यंत्रावाचून, अंगणातच होई.

वडीलधाऱ्यांचे हे ज्ञान हातांतच राहिले, कागदावर फारसे उतरले नाही. ज्या घरी असा वृद्ध कारागीर आहे, त्या घराने ते आजच लिहून घ्यावे, ही ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.