आजोबांचं दुकान आणि त्यानंतर

अलिबागच्या इस्रायल आळीत आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. शनिवारी बंद, रविवारी उघडं. पूर्वी आम्ही बेने इस्रायली घाण्यावर तेल काढायचो आणि शनिवारी काम करायचो नाही, म्हणून कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत. आजोबांच्या वेळी घाणा गेला होता, नाव तेवढं राहिलं.

1950 साली बाबांचा विरोध डावलून आजोबांनी दुकान विकलं आणि ते एकटेच इस्रायलला गेले. 'ते तिकडेच वारले' असं आम्हा भावंडांना सांगितलं होतं. आम्हीही तेच पुढच्या पिढीला सांगत आलो.

मागच्या हिवाळ्यात वरळीच्या आमच्या दफनभूमीत एका नातलगासाठी प्रार्थना होती. शेजारच्या दगडावर मराठीत चक्क आजोबांचं नाव, गावासकट! साल हिब्रूत. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते, संस्कृतातल्या कटपयादीसारखं काहीसं. ताव 400, शीन 300, योद 10, हेत 8. झाले 718. हजार लिहीत नाहीत. त्यात 1240 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1958. पण महिना किस्लेव होता. ज्यू वर्ष सप्टेंबरच्या सुमारास बदलतं, म्हणून एक वजा. 1957 चा हिवाळा. (मास्तरकी जात नाही, काय करणार!)

म्हणजे आजोबा परत आले होते.

इतिहास तसा माहीत होता. इस्रायलमध्ये गेलेल्या आमच्या काही लोकांना तिथे नोकरीत, वागणुकीत भेदभाव वाटला. 1951 मध्ये त्यांनी तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं, 'आम्हाला परत पाठवा' म्हणून. 1952 मध्ये त्यांना विमानाने मुंबईला आणलं. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. त्यात आपल्या घरचं कोणी असेल हे मात्र मनात आलं नव्हतं.

थोरल्या आत्येबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तुला ठाऊक नव्हतं? भायखळ्याला एका वाण्याकडे दिवाणजी होते. आई डबा पाठवायची. मामाला सगळं माहीत होतं."

मी तेव्हा दुसरीत असेन. बाबा सात दिवस जमिनीवर बसले होते, सदऱ्याचा गळा फाडलेला. कोण गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मुंबईचे एक लांबचे नातेवाईक."