पितळी बटण

नवा फ्लॅट घेतला की माणसाला जुन्या वस्तूंचा उमाळा येतो. वाड्यात राहताना ज्यांना आपण रोज शिव्या घातल्या त्याच वस्तू हॉलमध्ये मांडाव्याशा वाटतात. आमच्या एका मित्राने तांब्याचा बंब पॉलिश करून दाराशी ठेवला आहे. त्यात छत्र्या असतात. मला तेवढी हौस परवडणारी नव्हती, म्हणून मी पितळी बटणावर समाधान मानायचं ठरवलं.

हे बटण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सागवानी गोल ठोकळ्यावर चिनी मातीची बैठक, तिच्यावर लहान वाटीएवढी पितळी टोपी आणि टोपीच्या मधून बाहेर आलेली घुंडी. घुंडी खाली केली की ‘खट्’ असा आवाज होई आणि शेजारच्या बिऱ्हाडाला कळे की जोशांकडे दिवा लागला. हल्लीची बटणं मुकी. दिवा लागला की नाही ते वर बघून ठरवावं लागतं.

त्या ‘खट्’मागेही शास्त्र आहे बरं का. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली हे काढलं. त्याआधी बटण हळू बंद केलं की आतल्या दोन पत्र्यांच्या फटीत ठिणगी रेंगाळायची आणि पत्रे जाळायची. होम्सनी आत स्प्रिंग घातली. माणसाचं बोट कितीही आळशी असो, स्प्रिंग एका झटक्यात पत्रे तोडून मोकळी होते.

तर ते बटण घ्यायला मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेचं जे सामान या गल्लीत मिळत नाही ते जगात निघालेलंच नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्या चार दुकानांत “नाटकासाठी पाहिजे का?” असं विचारलं. पाचव्या दुकानाच्या पायरीवर दोन म्हातारे वायरमन चहा पीत बसले होते. त्यांतले धाकटे सत्तरीला टेकलेले, म्हणजे थोरल्यांचा अंदाज करा. धाकटे त्यांना वस्ताद म्हणत. माझी मागणी ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सरकून मला जागा दिली.

“साहेब, तुम्ही केसिंग-कॅपिंग पाहिलंय का?” थोरल्यांनी विचारलं.

पाहिलंय म्हणजे? त्यातल्या रहिवाशांना मी रक्त दिलं आहे! सागवानी पट्टीत दोन खाचा, एकीतून जाणारी वायर, दुसरीतून येणारी, वर लाकडी झाकण. बनवणाऱ्याने ते विजेसाठी बनवलं असेल. आमच्या वाड्यात ती ढेकणांची चाळ होती.

“झाकण उघडलं की आधी रॉकेल मारायचो,” थोरले म्हणाले, “टेस्टर नंतर.”

मग बॅटनपट्टी आली. तिच्यावर रबरी वायर आणि ती धरायला क्लिपा. “चार-चार इंचांवर एक क्लिप,” धाकट्यांनी अंगठा पुढे केला, “आणि दर क्लिपेला हातोडी एकदा इथे.” रबर पंधरा-वीस वर्षांत वाळून पापडासारखं मोडायचं. ते पट्टीवर चढवायच्या आधी भिंतीत लाकडी गुटके ठोकायचे. पुढे रावळप्लग आला. हे रावळ कुणी काठेवाडकडचे कल्पक गृहस्थ असावेत असं मी आजन्म धरून चाललो होतो. ते लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज निघाले! १९११ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता दिव्याचं सामान बसवायचं होतं, त्यासाठी त्यांनी ही युक्ती काढली. आपल्या मिस्त्रींनी त्यांना रावळ करून टाकलं.

प्लगचंही तसंच. इंग्रज १९४७ साली इथून गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या मायदेशात चौकोनी पिनांच्या प्लगचं नवं मानक निघालं. गोल पिना आपल्याकडे राहिल्या. पाच आणि पंधरा अँपिअरचे पुढे कागदोपत्री सहा आणि सोळा झाले, एवढाच काय तो बदल. अर्थात प्लग असणं ही श्रीमंती होती. आमच्याकडे रेडिओच्या वायरीची दोन टोकं सोलून भोकांत घालत आणि वर आगपेटीच्या काड्या खोचत. तिसरं, मोठं भोक कशाला असतं हे वाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. शोभेचं असावं, असं सर्वानुमते ठरलं होतं.

“ते अर्थिंगचं,” थोरले म्हणाले, पण हसले नाहीत.

मी भरात होतो. वडील किटकॅट फ्यूज कसा घालत ते सांगितलं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पाना, मागे सगळा वाडा श्वास रोखून. तार पुन्हा जळू नये म्हणून ते तिपदरी घालत.

“तिपदरी!” धाकट्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, मग वायर जळते. फ्यूज असतो तो वायरीला वाचवायला. माणसाला तो तसाही वाचवत नाही. एका अँपिअरच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा माणूस जातो, आणि पाचचा फ्यूज बघत बसतो.”

यावर मी आमचा घरगुती विनोद सांगितला. आई स्वयंपाकघरातला दिवा लाटण्याने लावायची. कणकेचा हात असो-नसो, आधी लाटणं उचलायची आणि घुंडी खाली ढकलायची. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. वडील पाहुण्यांना मुद्दाम आत नेऊन दाखवत.

थोरल्यांनी कप खाली ठेवला. “वाडा कुठला म्हणालात?”

मी सदाशिव पेठेतला बोळ सांगितला.

“विहिरीच्या अंगाचं स्वयंपाकघर. त्या काकू तुमच्या आई?” ते म्हणाले. “लाटणं मीच सांगितलं होतं त्यांना.”

साल १९६५. ते अठरा वर्षांचे, उमेदवारी करत होते. श्रावणात विहिरीकडची भिंत पाझरत होती. पितळी टोपीला अर्थिंग नव्हतं. तेव्हा कुणाच्याच नसे. आईने ओल्या हाताने बटण लावलं आणि मोरीपर्यंत फेकली गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यातलं काम करायला हे आले तेव्हा तिने त्यांना हळूच आत बोलावून बटण दाखवलं. हे म्हणाले, काकांना सांगतो, मालकांकडून बदलून घेऊ.

“तर मला म्हणाल्या, ‘काही बोलू नकोस. मालक प्रत्येक पॉइंटचे पैसे लावतात. निमित्त मिळालं तर हे दिवाच काढून टाकतील. मला पुन्हा चिमणी घेऊन चुलीपुढे बसायचं नाही.’ माझ्या खिशात नव्या बटणाचे पैसे नव्हते. म्हटलं, मग कोरडं लाकूड वापरा.”

त्यांनी ते आपल्या वस्तादांनाही सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या बोळातून सायकलवर जाताना ते आधी आमच्या खिडकीकडे बघायचे. दिवा दिसला की पायडल मारायचे.

मला काही सुचेना. आई जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती आमच्याबरोबर त्या विनोदाला हसत आली होती.

तेवढ्यात दुकानदाराने माळ्यावरून एक धुळकट खोकं काढलं आणि त्यात खरोखरच ते बटण निघालं. थोरल्यांनी ते हातात घेतलं, धोतराने पुसलं आणि घुंडी खाली केली. खट्.

“घेऊन जा,” ते म्हणाले, “पण वायर जोडायची नाही. आणि घरात तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का?”

नव्हतं. बिल्डरने त्या जागी नुसतं झाकण लावलं होतं, हे दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी येऊन शोधलं. ते बसवायचे पैसे मी दिले. बटणाचे दुकानदाराने घेतले नाहीत.

बटण अजून पिशवीतच आहे. बायको म्हणते, त्यापेक्षा बंब आणला असतात तर निदान छत्र्या तरी ठेवता आल्या असत्या.