कोणते शिंदे?

१२ जानेवारी १९३१. संक्रांत दोन दिवसांवर आलेली. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची लगबग असण्याचे हे दिवस. त्या दिवशी पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे.

ही चार नावं सोलापूरकराच्या कानावर लहानपणापासून असतात. त्यातली पहिली तीन ऐकली की माणसाचं घर डोळ्यांपुढं येतं. धनशेट्टी म्हणजे लिंगायत, घरात कानडी. सारडा म्हणजे मारवाडी. कुर्बान हुसेन म्हणजे मुसलमान, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारे. चौथ्या नावाशी मात्र गाडी अडते. शिंदे. म्हणजे कोणते शिंदे?

हा प्रश्न सोलापुरात जास्त जाणवतो, कारण या शहरात आडनाव फार बोलकं आहे. पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू रिवाजानं घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर येतं; म्हणून आमदार राहिलेले नरसय्या आडम कुणाला ‘आडम नरसय्या’ असतात, तर कुणाला नुसतेच ‘आडम मास्तर’. काडादी म्हटलं की सिद्धेश्वर देवस्थान आणि साखर कारखाना आठवतो. शिंदे म्हटलं की काहीच आठवत नाही, कारण एकाच वेळी दहा माणसं आठवतात. मराठ्यांत शिंदे आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत. ‘कोणते शिंदे?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात पुष्कळदा जातच विचारलेली असते. विचारणाराही ते जाणून असतो आणि उत्तर देणाराही. म्हणून उत्तर येतं ते गावाचं: माढ्याचे, मंगळवेढ्याचे, करमाळ्याचे.

या आडनावाचं मूळ शोधायला गेलं तर पावलं सोलापूरच्या दक्षिणेला वळतात. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ‘सिंद’ नावाची घराणी कर्नाटकात राज्य करत होती. येलबुर्ग्याचे सिंद त्यांतले ठळक. आपण नागवंशी आहोत, असं ती सांगत. सिंद आणि शिंदे ही एकाच शब्दाची दोन रूपं असावीत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजचिन्हावर नाग आहेत, तेवढी गोष्ट या मताला पूरक. शिंदीच्या झाडावरून शिंदे आले, ही व्युत्पत्ती मात्र गप्पांपुरतीच ठेवावी. अर्थात शिंदीचं झाड याच गोष्टीत पुढं येणार आहे, पण वेगळ्या कारणानं.

पेशवाईच्या कागदांत नुसतं आडनाव लिहून कुणी थांबत नसे. ‘राणोजी बिन जनकोजी शिंदे’ असं बापाच्या नावासकट लिहायचं. मुसलमान असेल तर ‘वलद’, बाई असेल तर नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’. पुढं गाव आणि वतन. आडनाव शेवटी येई, आणि ते नसलं तरी काम अडत नसे. इंग्रजी शाळेच्या हजेरीपटानं आणि सरकारी नोकरीच्या अर्जानं आडनावाला पुढं आणलं, आणि तिथूनच एका वर्गात चार-चार शिंदे होऊ लागले. मग गावानं आपली तोड काढली: गिरणीवाले शिंदे, दूधवाले शिंदे, मास्तर शिंदे. वेल्समध्ये जोन्स इतके झाले की तिथंही धंद्यावरूनच माणूस ओळखायची वेळ आली होती. गर्दी झाली की सगळीकडची माणसं सारखीच वागतात.

पहिला नामांकित शिंदे कोण, तर सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचा राणोजी. त्याचा मुलगा दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडला. दुसरा मुलगा महादजी पानिपतातून लंगडत परतला आणि पुढं दिल्लीचा बादशहा त्याच्या आधारानं तख्तावर बसला. इंग्रजांनी या घराण्याचं ‘सिंधिया’ केलं. हिंदीनं ते उचललं आणि मराठी माणसाला ग्वाल्हेरचे महाराज परके वाटू लागले. सोलापूर जिल्ह्यात मात्र ते शिंदेच राहिले. पंढरपुरात द्वारकाधीशाचं मंदिर आहे, ते दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेलं. ‘शिंदे सरकार’ म्हटलं की पंढरपूरकराला सिंधिया कोण हे सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे नाव तलवारीकडून लेखणीकडे आलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून पुरुषांना जे सुनावलं, ते आजही चरचरतं. जमखंडीत १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. जन्मानं मराठा, काम अस्पृश्यांत. आडनावावरून माणसाची बाजू ठरवणाऱ्यांची त्यांच्याबाबतीत कायम पंचाईत झाली. स्वजन दुरावले आणि ज्यांच्यासाठी झटले त्यांनाही ते पुरते आपले वाटले नाहीत. लोकांनी शेवटी त्यांच्या नावाआधी ‘महर्षी’ लावून प्रश्न मिटवला.

आता सोलापुरात परत यायला हवं.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. ताडी-शिंदीवरचा कर सरकारच्या तिजोरीत जाई, म्हणून झाड तोडणं हाही सत्याग्रह. गोळीबार झाला आणि तरुण शंकर शिवदारे जागीच गेला. संतापलेल्या जमावानं मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. १२ मे ते ३० जून शहरावर मार्शल लॉ होता. पोलिसांच्या हत्येच्या त्या खटल्यातच या चौघांना फाशीची शिक्षा झाली. शहरानं पुढं चौघांचे पुतळे उभारले. कानडी, मारवाडी, उर्दू आणि मराठी अशी चार घरांतली चार माणसं एका चौकात उभी आहेत.

त्याच शहरात १९४१ साली एक मुलगा जन्मला. गरिबीत वाढला आणि सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागला. कोर्टाच्या दारात जो पुकारा होतो, त्यात नुसतं ‘शिंदे’ म्हणून कधीच भागत नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, मग आडनाव. समन्सवर तर वय, धंदा, राहणार कुठला हेही लागतं, नाहीतर कागद भलत्याच शिंद्याच्या हाती पडायचा. पेशवाईतला ‘बिन’ कोर्टानं असा जिवंत ठेवला. हा पट्टेवाला पुढं फौजदार झाला. शरद पवारांनी त्याला राजकारणात आणलं. आणि पवारांचे सासरे कोण? कसोटी क्रिकेटमधले लेगस्पिनर सदू शिंदे. १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडचे सहा गडी एका डावात बाद करणारे. या शिंद्यांचं त्या शिंद्यांशी नातं काही नाही, पण पवारांच्या आयुष्यात दोन्हीकडून शिंदे आले.

सुशीलकुमार शिंदे १९७४ च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार झाले आणि १८ जानेवारी २००३ रोजी मुख्यमंत्री, राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. २०१२ मध्ये एकेकाळचा हा फौजदार देशाचा गृहमंत्री झाला. त्याच करमाळ्यानं २०१९ साली आणखी एक शिंदे निवडून दिले: माढ्याच्या बबनदादांचे धाकटे भाऊ संजयमामा. हे शिंदे वेगळे, ते शिंदे वेगळे. ‘दादा’ आणि ‘मामा’ ही नुसती मायेची हाक नाही. मतदाराला माणूस पटकन ओळखता यावा म्हणून केलेली सोयही आहे.

३० जून २०२२ रोजी महाराष्ट्राला दुसरे शिंदे मुख्यमंत्री मिळाले. पहिले सोलापूरचे, दुसरे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे आणि ठाण्यात वाढलेले. पक्ष, जात, जिल्हा, पिढी, सगळं निराळं. पण कोर्टाच्या रीतीनं दोघांचा पुकारा केला तर गंमत होते: सुशीलकुमार संभाजी शिंदे, एकनाथ संभाजी शिंदे. बापाचं नावही कधीकधी उपयोगाला येत नाही.

मंगळवेढ्याच्या शिंद्यांनी मात्र आडनावाची ही अडचणच भांडवल करून टाकली. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतंही गायली. लाउडस्पीकरवर वारीत एक आवाज, जयंतीला तोच आवाज. पुढं आनंद आणि मिलिंद या त्यांच्या मुलांनी कॅसेटच्या जमान्यात लग्नाच्या वराती नाचवल्या, मग नातू आदर्श आला. या गाण्याला लोक ‘शिंदेशाही’ म्हणतात. हा शब्द जुना. शिंदेशाही पगडी असे, शिंदेशाही तोडे असत. त्यातले शिंदे ग्वाल्हेरचे सरदार. आज ‘शिंदेशाही’ म्हटलं की पगडी कुणाला आठवत नाही, ढोलकी आठवते. महादजीच्या नावावरचा शब्द मंगळवेढ्याच्या गायकांनी एकही तोफ न डागता जिंकून घेतला, असं खुशाल म्हणावं.

राहता राहिले जगन्नाथ शिंदे. निदान हे पूर्ण नाव तरी एकट्याचं असेल, असं वाटतं. तेही नाही. देशभरच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, कल्याणचे नेते, यांचंही नाव जगन्नाथ शिंदे. त्यांना लोक ‘अप्पा’ म्हणून ओळखतात. सोलापूरच्या जगन्नाथ शिंद्यांना अप्पा किंवा दादा म्हणवून घेण्याएवढं वय लाभलं नाही. त्यांच्या नावाआधी सोलापूर ‘हुतात्मा’ लावतं.