सभागृहाचे विश्वस्त : कै. कुंदनमल फिरोदिया

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेलाच आहे. दानशूर देणगीदारांचा व आजवरच्या विश्वस्तांचा गौरवही यथोचित झालेला आहे. परंतु ज्या कायद्याने आपल्यासारख्या ट्रस्टच्या कारभारास शिस्त लावली, तो कायदा संमत झाला त्या वेळी सभागृहाच्या अध्यक्षस्थानी आपल्याच समाजातील एक स्वातंत्र्यसेनानी विराजमान होते, हे फार थोड्या समाजबांधवांस ज्ञात असेल. अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) कै. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया यांचे पुण्यस्मरण करावे, एवढाच या लेखाचा नम्र हेतू आहे.

त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम एका अप्रिय घटनेकडे वळावे लागेल. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून प्रसिद्ध आहे. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्याचा आरंभ झाला. शेतकऱ्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. त्या वह्या मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकारांच्या होत्या, म्हणजे आपल्याच पूर्वजांपैकी काहींच्या होत्या. शेतसाऱ्याचा बोजा व कापसाचे कोसळलेले भाव ही कारणे होतीच. परंतु आपल्या नावावर काय लिहिले आहे हे निरक्षर कुळास कळत नव्हते, हेही तितकेच खरे. इतिहास लिहिताना आपली बाजू तेवढी जमेस धरून चालत नाही. नावेही लिहावे लागते.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, कुंदनमलजींचा जन्म झाला. राजस्थानातून व्यापारानिमित्त नगरला येऊन स्थायिक झालेले हे ओसवाल जैन घराणे. मुलाने पेढीवर बसावे अशी त्या काळची रीत होती. कुंदनमलजी मात्र पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, १९०७ मध्ये पदवीधर झाले आणि १९१० मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा होता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. लोकमान्यांच्या विचारांचा ठसा या तरुणाच्या मनावर कायमचा उमटला. नगरला त्यांनी वकिली आरंभिली व काँग्रेसचे कार्यही अंगीकारले. लोकमान्यांच्या निधनानंतर महात्माजींचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्यांना कारावासही पत्करावा लागला. त्याच सुमारास पंडित नेहरू, सरदार पटेल व मौलाना आझाद हे नगरच्याच भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते.

पुढे १९४६ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. विधानसभेचे आधीचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले होते. त्यांच्यानंतर मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदाची धुरा कुंदनमलजींकडे आली, ती १९५२ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. हे सभागृह १९३५ च्या कायद्यान्वये निर्माण झालेले, १७५ सदस्यांचे. मताधिकार सर्वांस नव्हता; मालमत्ता, कर वा शिक्षण यांची अट होती. गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही भागांचे प्रतिनिधी तेथे बसत. गव्हर्नर अद्याप इंग्रजच होता. परकीय सत्तेने घडविलेल्या त्या आसनावर तिच्याच तुरुंगातून आलेला सत्याग्रही बसला आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेच आसन स्वतंत्र भारताचे झाले.

या सहा वर्षांत संमत झालेल्या कायद्यांकडे दृष्टी टाकली तर त्या आसनाचा भार ध्यानी येतो. सावकारास परवाना व विहित पद्धतीचे हिशेब बंधनकारक करणारा मुंबई सावकारी कायदा, १९४७ चा मंदिर प्रवेश कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. मंदिर प्रवेशाचे महत्त्व नाशिककरांस वेगळे सांगणे नलगे. १९३० मध्ये आरंभलेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्याच नगरीतला. सावकारी व कुळांविषयीच्या कायद्यांची झळ आपल्या समाजातील अनेक घराण्यांस लागली. हे कायदे अध्यक्षांनी केले असे म्हणणे योग्य नव्हे. ते मंत्रिमंडळाने मांडले व सभागृहाने संमत केले. समसमान मते पडली तरच अध्यक्षाने मत द्यावयाचे असते. परंतु स्वकीयांच्या हितसंबंधांवर घाला येत असता त्या आसनावर निःपक्षपातीपणे बसणे ही सामान्य कसोटी नव्हे. कापडाच्या धंद्यात आम्हांस लहानपणीच शिकविले जाते, की गज एकच असावा. आप्तास एक आणि परक्यास दुसरा, असे होता कामा नये.

विश्वस्त कायद्यालाही विरोध झाला आणि तो करणाऱ्यांत जैन बांधव होते. एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी दाद मागितली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. नोंदणी, हिशेब तपासणी व अंशदान वैध ठरले. मात्र मूळ धार्मिक हेतू साध्य होण्याजोगा असताना तो निधी अन्यत्र वळविण्याची, तसेच धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थेचे विश्वस्त नेमण्याची तरतूद न्यायालयाने अमान्य केली. हिशेब समाजापुढे उघडा राहिला आणि धर्मद्रव्याचे पावित्र्यही राखले गेले. आज हाच कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो.

कुंदनमलजींचे सुपुत्र नवलमलजी व हस्तीमलजी यांची कीर्ती उद्योगक्षेत्रात सर्वदूर पसरली. त्यामानाने पित्याचे नाव मागे पडले. नगरचे भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल मात्र त्यांची स्मृती जपत आहे.

दरवर्षी लेखापरीक्षणाची वेळ आली की आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही मीही त्यास अपवाद नव्हतो. परंतु सुपे येथील होळी आठवली की वाटते, ज्या वह्या सर्वांस वाचता येतात त्या कोणी जाळीत नाही. आपल्या ट्रस्टची वही पुढील पन्नास वर्षेही अशीच उघडी राहो, हीच त्या थोर विभूतीस खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!