रिपोर्ट नॉर्मल, आई थकलेली

१९७३ साली बार्शीत येऊन गेलेला चिकुनगुन्या तीसेक वर्षं गायब होता आणि २००६ साली महाराष्ट्रभर पसरला. भाईंदरला आमच्या बिल्डिंगमध्ये दर मजल्यावर कोणी ना कोणी भिंतीला धरून चालत होतं. आईचे सांधे तीन महिन्यांत सुटले, थकवा मात्र काही जाईना. भाजी आणली की दिवसभर झोपून. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन रमवा." आम्हीही तेच म्हणायला लागलो. (मी तर जरा जास्तच.)

आता रविवारी वाचत बसलो तेव्हा कळलं की "मन रमवा"ला मोठी परंपरा आहे. १९५५च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जवळजवळ ३०० कर्मचारी आजारी पडले आणि हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. जंतू सापडला नाही. १९७० साली मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या फायली चाळून निकाल दिला, हा सामूहिक हिस्टेरिया. एक कारण काय, तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त! छापलं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने.

याच जर्नलमध्ये २००५ साली गोव्याचा अभ्यास आला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २४९४ बायकांना विचारलं, तर १२.१ टक्के सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या. आपण लगेच म्हणणार, रक्त कमी असेल. पण हिमोग्लोबिनशी संबंध लागलाच नाही, लागला तो कर्ज, घरातला जाच आणि मनावरच्या ताणाशी. म्हणजे डॉक्टर बरोबर? थांबा. हा थकवा या लक्षणाचा सर्व्हे होता, तापानंतर काय होतं याचा नव्हे.

ते पुढच्याच वर्षी तिथेच छापून आलं. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावी एपस्टाइन-बार, रॉस रिव्हर (हा चिकुनगुन्याचा चुलतभाऊ, बरं का) आणि क्यू फीवर झालेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं. सहा महिन्यांनी १२ टक्के अजून आडवेच. कोण आडवं राहणार हे स्वभावावरून नाही, तर मूळ आजार किती जोरात आला यावरून ठरत होतं.

मधे २००९ साली 'सायन्स'मध्ये १०१ पैकी ६८ रुग्णांत एक्सएमआरव्ही हा विषाणू सापडला. काहींनी एचआयव्हीची औषधंही सुरू केली. पुढे कळलं की प्रयोगशाळेतलीच भेसळ होती, आणि २०११ साली पेपर मागे घेतला. आमच्याकडे याला टेस्ट डेटा प्रॉडक्शनमध्ये जाणं म्हणतात.

सध्या शोध आतड्यात चालू आहे. २०१६ साली कॉर्नेलला रुग्णांच्या आतड्यात जंतूंची विविधता कमी दिसली. २०२३ साली ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल बनवणारे जंतू कमी आढळले. अर्थात जंतू घटले म्हणून थकवा, की आजारपणामुळे जंतू घटले, हे ठरायचंय. तेव्हा प्रोबायोटिकच्या बाटल्यांवर पैसे उधळू नका.

आईला डबोची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "त्यांच्या घरचे काय म्हणत होते?"