आराखड्यावांचून चित्र

चैत्र लागला म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धनांच्या तासगांवासारख्या देशावरील गांवांत, जुन्या घरांपुढें शेणानें सारवलेल्या अंगणांत चैत्रांगण काढण्याची रीत असे. गृहिणी चिमटींत रांगोळी घेई आणि आधीं खडूची रेघसुद्धां न ओढतां हत्ती, गाय-वासरूं, कासव, नाग उमटवीत जाई. मध्यें गौरीचें आसन मांडलें, कीं हत्ती कोणत्या अंगाला आणि कासव कोठें, हें तिचा हातच ठरवी. चित्रशाळेंत जिला रचना म्हणतात, ती विद्या या अंगणांत आईकडून मुलीकडे जात असे. मात्र तिला कोणी विद्या म्हटलें नाहीं.

या विद्येचें याहून मोठें रूप पाहावयाचें, तर उत्तर कोंकणांत, डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या पाड्यांवर जावें लागतें. वारल्याच्या घराची जुनी भिंत कारवीच्या काठ्यांची. तिच्यावर माती व शेण यांचा लेप आणि वर गेरू. लग्न निघालें, कीं सुवासिनी तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून बांबूच्या काडीनें पालघट देवीचा चौक काढतात. त्याशिवाय लग्नविधि पुरा होत नाहीं. चौकाची जागा ठरली, कीं तोच साऱ्या भिंतीचा आधार होतो. मग त्याच्या भोंवतीं झाडें, घोडा, मोर, माणसें आपापलें स्थान घेतात. ओलें असतांना तें पीठ फिकें दिसतें, वाळल्यावर पांढरें उठतें. आणि एकदां उठलेली रेघ खोडावयाची सोय नाहीं. बैलाची पाठ एका बाजूला कलली, तर तोल सांभाळण्यासाठीं पलीकडे झाड किंवा दुसरें जनावर यावें लागतें. अशा रीतीनें चुकीलाहि रचनेंत सामावून घेण्याची संवय हाताला लागते. क्षितिजाची रेषा नाहीं, दूर-जवळचा भेद नाहीं. तरीहि भिंत विस्कळित वाटत नाहीं, कारण मोकळ्या जागेलाहि तेथें आकृतीइतकाच मान असतो.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले आणि त्यांनीं चित्रें काढणाऱ्यांपुढें कागद ठेविला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना तो विशेष मानवला. बालपणीं पोरके झालेले म्हसे बोलणें टाकून धुळींत चित्रें काढूनच मनांतलें सांगत, अशी त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे. कागदावर विधीचें बंधन नव्हतें. मासळीचें जाळें, मुंग्यांच्या रांगा, रानांतलीं जनावरें त्यांनीं मुक्तपणें चितारलीं. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

हा गौरव सर्वथा उचितच होता. परंतु भिंतीवरून कागदावर येतांना एक गोष्ट मागें राहिली. चौक काढणें हें मुळांत सुवासिनींचें काम. चित्रकार म्हणून नांव मात्र आधीं पुरुषांचें झालें. भिंत पुन्हां सारवली, कीं जुनें चित्र जाई, आणि त्याबरोबर तें काढणारीहि विसरली जाई. कागद टिकला आणि त्याखालीं सही राहिली. चैत्रांगणाची रांगोळीहि अशीच दुसऱ्या दिवशीं झाडली जाई. म्हणून आराखड्यावांचून काढलेल्या चित्राचा इतिहास लिहितांना आरंभ सहीपासून करून भागणार नाहीं. ज्या हातांनीं पहिली रेघ विनासंकोच ओढली, आणि दुसरी कोठें यावी हें शेजारीं बसलेल्या मुलीला दाखविलें, त्या हातांपासून तो करावयास हवा.