मदर्स डेचे माहेर

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की आपल्याकडचे केकवाले, फुलवाले आणि साडीची दुकाने एकदम मातृभक्त होतात. या दिवसाचे माहेर अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आहे. तिथे ग्राफ्टन नावाचे डोंगराळ गाव आहे. रेल्वे जंक्शनमुळे ते वाढले, तरी आजही वस्ती पाच हजारांच्या आसपासच. गावात विटांचे एक जुने मेथडिस्ट चर्च आहे. बिशप एडवर्ड अँड्र्यूज यांचे नाव त्याला दिले आणि १८७३ साली त्याचे समर्पण झाले. हे चर्च उभे करण्यासाठी झटणाऱ्यांत गावातले एक व्यापारी कुटुंब होते, जार्विस. मदर्स डेची कथा या घरातल्या मायलेकींची आहे, आणि दोघींना हवे होते ते एकच नव्हते.

आईचे नाव अ‍ॅन रीव्ह्ज जार्विस, जन्म १८३२. वडील मेथडिस्ट पाळक. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने सुरू केलेल्या या पंथाची एक सवय होती. मंडळीचे लहान लहान गट पाडायचे, गटाने दर आठवड्याला जमायचे, एकमेकांची विचारपूस करायची, जमेल तशी वर्गणी काढायची. प्रवचन पाळकाने करावे, पण माणसे धरून ठेवण्याचे काम या गटांनी करावे, अशी ती रीत. अ‍ॅन तिच्यातच वाढली.

लग्नानंतर सतरा वर्षांत तिला डझनभर मुले झाली. मोठी होईपर्यंत जगली फक्त चार. गोवर, घटसर्प, टायफॉइड यांनी बाकीची नेली. त्या डोंगराळ भागात हे घरोघरचे दुःख होते. आपल्या पिठोरी अमावस्येच्या कहाणीतही दरवर्षी मूल दगावणारी एक सून आहे. चौसष्ट योगिनींच्या पूजेने तिची मुले परत जिवंत होतात, आणि आजही ते व्रत करणारी आई वाणाचे ताट डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते. महाराष्ट्रात हाच दिवस मातृदिन म्हणून पाळला जातो. दोन टोकांच्या दोन मुलखांत आईच्या दिवसाच्या मुळाशी बालमृत्यूच असावा, यात नवल नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत आईपणातला सर्वांत मोठा अनुभव तोच होता.

अ‍ॅनने यावर उपाय म्हणून १८५८ साली आसपासच्या पाच गावांत बायकांची मंडळे काढली, ‘मदर्स डे वर्क क्लब’ या नावाची. तिचा भाऊ जेम्स रीव्ह्ज डॉक्टर होता आणि टायफॉइडच्या साथींचा त्याचा अभ्यास होता. तो येऊन या बायकांना स्वच्छतेचे धडे देई. मंडळे काय करत? औषधांसाठी पैसे जमवत. ज्या घरातली आई क्षयाने अंथरुणाला खिळली असेल तिथे कामाला बाई लावून देत. पाणी उकळून घेण्यापासून घाणीची विल्हेवाट लावण्यापर्यंत घरोघर जाऊन सांगत. दूध तपासत, आणि तेही सरकारला अशी तपासणी सक्तीची करण्याचे सुचण्याच्या कितीतरी आधी. मूळ ‘मदर्स डे’ हा असा कामाचा दिवस होता. त्यात आईचा सत्कार नव्हता. दुसरीचे मूल आपल्या मुलाइतकेच जगले पाहिजे, असे मानणाऱ्या आयांचे ते काम होते.

तीनच वर्षांत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीच्या प्रश्नावर मेथडिस्ट मंडळी १८४४ मध्येच उत्तर आणि दक्षिण अशी दुभंगली होती. आता व्हर्जिनिया राज्यही फाटले, आणि १८६३ मध्ये त्याच्या पश्चिम भागाचे वेगळे राज्य झाले. ग्राफ्टनचा भाग नेमका सीमेवरचा आणि रेल्वेमुळे मोक्याचा. एकाच गावातली पोरे दोन्ही सैन्यांत गेली. छावण्यांत टायफॉइड आणि गोवर पसरले. अ‍ॅनने मंडळांसमोर एकच अट ठेवली, की बाजू घ्यायची नाही. उत्तरेचा निळा गणवेश असो की दक्षिणेचा करडा, आजारी पोराला खायला घालायचे, कपडे द्यायचे, शुश्रूषा करायची.

युद्ध संपले तरी गावातले वैर संपले नव्हते. म्हणून १८६८ मध्ये ग्राफ्टनजवळच्या प्रुंटीटाउनच्या न्यायालयाच्या आवारात तिने ‘मदर्स फ्रेंडशिप डे’ भरवला. दोन्ही बाजूंच्या माजी सैनिकांना त्यांच्या आयांसह बोलावले. दंगल होईल, अशी भीती होती. दंगल झाली नाही. त्यानंतरची अनेक वर्षे अ‍ॅनने अँड्र्यूज चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गात, मुलांना शिकवण्यात घालवली. नवऱ्यामागे ती मुलांकडे फिलाडेल्फियाला गेली आणि ९ मे १९०५ रोजी वारली.

इथून लेकीचा अध्याय सुरू होतो. अ‍ॅना जार्विस १८६४ ची. तिने लग्न केले नाही. फिलाडेल्फियातल्या एका विमा कंपनीत ती जाहिरात विभागात काम करत होती, आणि कुठलीही गोष्ट लोकांच्या गळी कशी उतरवायची हे तिला तिथे नीट कळले होते. आयांच्या सन्मानाचा एक दिवस असावा, अशी प्रार्थना आईने शब्बाथशाळेत केल्याचे तिने लहानपणी ऐकले होते. आईच्या पश्चात तिने तो ध्यास घेतला आणि आमदार, संपादक, पाळक, उद्योगपती अशा शेकडो लोकांना पत्रे लिहायला सुरुवात केली.

१० मे १९०८ रोजी सकाळी ग्राफ्टनच्या चर्चमध्ये मदर्स डेची पहिली उपासना झाली. अ‍ॅना स्वतः गेली नाही. तिने तार पाठवली आणि आईची आवडती पांढरी कार्नेशनची ५०० फुले पाठवली. त्याच दुपारी ती फिलाडेल्फियात बोलायला उभी राहिली, ती जॉन वॉनामेकर यांच्या अवाढव्य दुकानातल्या सभागृहात. वॉनामेकर श्रद्धाळू गृहस्थ होते, स्वतः शब्बाथशाळा चालवत. पण सभा भरली ती दुकानातच. म्हणजे सण जन्मला त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये होता आणि दुपारी दुकानात. पुढे जे घडले त्याची बीजे इथेच होती.

दुकान आणि पत्रे नसती तर काय झाले असते, याचे उत्तरही जवळच आहे. ग्राफ्टनच्या शेजारच्या फेअरमाँट गावात ५ जुलै १९०८ रोजी, अवघ्या आठ आठवड्यांनी, दुसऱ्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये वडिलांसाठी उपासना झाली. आदल्या डिसेंबरात जवळच्याच मोनोंगाच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक कामगार मेले होते. कितीतरी मुलांचे बाप त्यांत गेले होते. ही कल्पना कमी हृदयस्पर्शी नव्हती. पण तिच्यामागे पत्रे लिहिणारी अ‍ॅना नव्हती, आणि तो दिवस तिथेच विरला. फादर्स डेचे श्रेय पुढे दुसऱ्याच गावाला गेले.

अ‍ॅनाने मात्र पाठपुरावा सोडला नाही. १९१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने दिवस मान्य केला, आणि मे १९१४ मध्ये काँग्रेसच्या ठरावानुसार राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार देशभर जाहीर केला. तिला हवा होता तो दिवस खाजगी होता. प्रत्येकाने आपल्या एका आईची आठवण काढावी, घरी जावे, निदान स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. पण मे महिन्यात कार्नेशनचे भाव चढू लागले. फूल कमी पडले तेव्हा व्यापाऱ्यांनी तोड काढली: आई हयात असेल तर रंगीत फूल, नसेल तर पांढरे. मागोमाग छापील कार्डे आली, मिठाईचे डबे आले. छापील कार्ड म्हणजे पत्र लिहायचा आळस, असे अ‍ॅना म्हणे. १९२३ मध्ये मिठाईवाल्यांच्या अधिवेशनात ती भांडायला गेली. १९२५ मध्ये सैनिकांच्या मातांची संघटना निधीसाठी कार्नेशन विकत होती, तिथे जाऊन तिने गोंधळ घातला आणि पोलिसांनी तिला पकडले. १९३४ मध्ये टपाल खात्याने व्हिस्लरच्या प्रसिद्ध चित्रावरून आईचे तिकीट काढले आणि चित्रात नसलेली फुलदाणी कोपऱ्यात घातली, त्यावरही ती भडकली. आपणच मिळवलेला दिवस रद्द व्हावा म्हणून तिने अखेरची वर्षे आणि पैसा घालवला. १९४८ मध्ये ती एका सॅनेटोरियममध्ये वारली.

अ‍ॅनाचा राग खरा होता, पण तिची तक्रार अर्धीच होती. आईने उभे केलेले काम सार्वजनिक होते: पाणी, दूध, साथी, शेजारणीचे मूल. लेकीने त्यातले काम वगळले आणि आठवण ठेवली. आठवण बाजाराला विकता आली. गावाच्या विहिरीची काळजी विकता आली नसती. १९६२ पासून ते चर्च ‘आंतरराष्ट्रीय मदर्स डे मंदिर’ म्हणून जपले आहे, आणि १९९२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पण मान द्यायचाच तर तो १८५८ सालालाही द्यावा. आईला फूल जरूर द्या. त्याबरोबर आपल्या वस्तीत लसीकरणाला मुले गोळा करणाऱ्या आशाताईला आणि वजनकाट्यावर पोरे मोजणाऱ्या अंगणवाडीताईला काय कमी पडते आहे, तेही एकदा विचारा. मूळचा मदर्स डे त्यांच्याच कामाचा होता.